आठ नंबरचं पाणी

१

मी पाणी भरते. घरचं नव्हे, ओढ्याचं. दर मंगळवारी सात ठिकाणी गाडी उभी करायची, गुडघाभर पाण्यात उतरायचं, बाटली प्रवाहाकडे तोंड करून बुडवायची. मग तळाशी जाळी धरून पायाने दगड हलवायचे आणि जाळीत जे किडे, अळ्या, गोगलगायी येतील त्या बरणीत घालून लॅबला पाठवायच्या. वरती टेकड्या आहेत, खाली मैलोन्मैल शेतं. शेतात जे टाकतात ते ओढ्यात उतरतं आणि ओढ्यातलं खालच्या शहराच्या नळात. मधे मी उभी असते, अकरा वर्षं झाली. लोक म्हणतात, मोकळ्या हवेतलं काम, मजा आहे तुमची. त्यांनी एकदा थंडीत सकाळी सात वाजता त्या पाण्यात उतरून बघावं.

ठिकाणं सात, पण बाटल्या आठ. याचं कारण सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आम्ही पाण्याची परीक्षा घेतो तशी लॅबचीही घेतो. सातांपैकी कुठल्याही एका ठिकाणी एकाऐवजी दोन बाटल्या भरायच्या आणि दुसरीवर आठ नंबर घालायचा. दोन्हींचे आकडे सारखे आले तर लॅब नीट काम करते आहे. अट एकच, आठ नंबर खोटा आहे हे लॅबला कळता कामा नये. कळलं तर ते मुद्दाम आकडे जुळवतील.

प्रत्येक बाटलीसोबत एक फॉर्म जातो. आठचा फॉर्म कोरा पाठवला तर बिंग फुटणार. म्हणून पहिल्याच वर्षी, एका दुपारी ऑफिसात डबा खाता खाता, मी एक जागा रचली. पाच आणि सहाच्या मधे, लोखंडी फाटकातून डावीकडे पायवाट. उतरायला एकच दगडी पायरी. पाण्यावर कललेलं झाड. सावली दाट. शेवटचा रकाना होता 'उपस्थित व्यक्ती'. बाकीच्या ठिकाणी कुणी ना कुणी असतंच, कुणी गोधड्या धूत असतं, कुणी गुरांना पाणी पाजत असतं. आठ नंबर अगदीच ओसाड दिसायला नको म्हणून मी लिहिलं, एक.

त्यानंतर दर मंगळवारी तेच लिहीत आले. आकड्यांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, ऑफिसात त्यावरून माझी चेष्टा होते. आमच्या घरात खोटं कुणाला बोलताच येत नाही, सगळे तोंडावर आपटतात. अकरा वर्षांत मी एवढं एकच खोटं लिहिलं, आणि तेही साहेबांनी सांगितलं म्हणून.

२

माझी भाची म्हणा की लेक म्हणा, दादाची मुलगी, भिंगरी. हे तिचं खरं नाव नव्हे. चालायला लागल्यापासून एका जागी टिकली नाही म्हणून घरात सगळे भिंगरी म्हणतात. शिक्षण संपलं आणि घरी बसून कंटाळली, तेव्हा मीच साहेबांना गळ घालून तिला मदतनीस म्हणून लावून घेतलं. दादा तिला सोडायला आला होता. तिची बॅग माझ्या दारात ठेवून म्हणाला, "छोटे, तुझ्या भरवशावर सोडतोय हं. आम्हाला एवढी एकच आहे." वहिनीने तर फोनवर मला तिच्या सर्दीचासुद्धा इतिहास सांगितला.

पोरगी हुशार निघाली. जाळीतल्या अळ्या पंधरा दिवसांत ओळखायला लागली. फॉर्मच्या कोपऱ्यात काहीतरी वात्रट शेरे लिहायची, 'आज गोगलगायींचा मोर्चा' वगैरे. आणि तारखेत, वेळेत आठचा आकडा काढताना खाली अशी लांबलचक शेपटी सोडायची की मला दर वेळी ओरडावं लागायचं.

तिसऱ्याच आठवड्यात मी तीन नंबरवर शेवाळावरून घसरले. सगळ्या जगाला 'जपून पाय टाका' सांगणारी मी, धोंड्यावर आपटून घोटा मोडून घेतला. पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घरात.

भिंगरीला मी खाटेवरूनच सगळं समजावलं. बाटल्या कशा धुवायच्या, बरणीत स्पिरिट किती, कुठल्या शेतावरचा कुत्रा चावतो. फॉर्मचा गठ्ठा, नकाशा, गाडीची किल्ली, सगळं हातात दिलं. आठ नंबरबद्दल बोलायचं मात्र राहून गेलं. पहिल्या दोन मंगळवारी मी तिला चार नंबरपर्यंतच नेलं होतं, पुढचं तिने पाहिलंच नव्हतं. विसरले असंही म्हणता येत नाही. अकरा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही.

३

लॅबमध्ये एक बाई आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली आमचे किडे मोजतात, म्हणून त्यांना सगळे किडेवाल्या बाई म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"पाय कसा आहे?"

"आहे जागेवर. बोला."

"तुमच्या आठ नंबरचं काय झालंय हो? नायट्रेट शून्य. फवारणीचं औषध शून्य. अमोनिया शून्य. मला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून तीनदा केलं. इतकं स्वच्छ पाणी तुमच्या त्या शेतांमधे? आम्ही बाटल्या धुवायला वापरतो त्यापेक्षा स्वच्छ आहे."

"आणि बरणी?"

"बरणीत काहीच नाही. दगड आहेत चार, पण त्यांना शेवाळसुद्धा नाही. एक अळी नाही की एक अंडं नाही. घाण पाण्यात निदान गांडुळं तरी असतात."

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. अरे, आपण तिला सांगितलंच नाही! पोरीने आठ नंबर शोधला असणार, सापडला नसणार, आणि विचारायची लाज वाटून घरच्या फिल्टरचं पाणी भरून पाठवलं असणार. बरणीत घरासमोरची खडी.

चूक माझी होती हे कबूल. पण तिने लबाडी केली याचा मला जास्त राग आला. आकड्यांशी लबाडी म्हणजे माझ्या दृष्टीने फार मोठा गुन्हा. तेव्हाच तिला खरं सांगून टाकायला हवं होतं. ते न करता मी ठरवलं की हिला रंगेहाथ पकडायची. माझा हा स्वभाव मला आधीपासून माहीत आहे, आणि त्याची किंमत आता भिंगरी मोजते आहे.

४

संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहून कांदा चिरत होती. मी खुर्चीवर, पाय स्टुलावर.

"आठ नंबरची बाटली कुठून भरलीस गं?" मी अगदी सहज विचारलं.

"आठ नंबरवरून," ती म्हणाली. "म्हणजे काय आत्या?"

"सापडलं लगेच?"

"पहिल्यांदा पुढे गेले होते. मग फाटक दिसलं. तू लिहिलंयस तसंच आहे, पायवाट, ती पायरी, झाड." ती फॉर्ममधलंच सगळं म्हणून दाखवत होती. मी मनात म्हटलं, बोल, बोल. "छान गार आहे तिथे. पण आवाज येत नाही अजिबात."

"कसला आवाज?"

"कसलाच. पक्षी, ट्रॅक्टर, काही नाही. पाण्याचा येतो तेवढाच."

"कुणी होतं का तिथे?"

"हो ना. पलीकडच्या काठावर. मी लिहिलंय की, एक."

"कोण? बाई की माणूस?"

तिची सुरी थांबली. तिने खरंच आठवायचा प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घालून. कुणी खोटं बोलताना असा चेहरा करत नाही, आणि आमच्या घरातलं तर नाहीच.

"गंमत आहे बघ," ती म्हणाली. "मला नाही सांगता येत. बघितलं मी चांगलं, हातसुद्धा केला. पण आठवायला गेलं की नुसतं एवढंच आठवतं, की कुणीतरी एक होतं."

मी विषय बदलला. रात्री अंथरुणावर स्वतःची समजूत घातली, की पोरगी माझ्याहून बेरकी निघाली. फॉर्म पाठ केलाय तिने, दुसरं काय.

५

पुढच्या मंगळवारी सकाळी ती निघाली आणि मी टेबलावरचा तिचा कॅमेरा ओढून घेतला. प्रत्येक ठिकाणी दोन फोटो काढायचे असतात, एक वरच्या दिशेला, एक खालच्या. त्या दिवशी ती मोबाइलवर काढणार होती, कारण कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं. आठ नंबरचे फोटो नसणारच, आणि हाच माझा पुरावा, असा माझा हिशेब.

फोटो होते.

पायरी होती, एकच. झाड पाण्यावर कललेलं. सावली दाट. मी ते फोटो मोठे करून करून बघितले आणि मला आधी कळेना की त्यात खटकतंय काय. मग हळूहळू लक्षात आलं. झाड होतं, पण कशाचं ते सांगता येत नव्हतं. पानं होती, पण लांब की गोल, ते कळत नव्हतं. फोटो हललेला नव्हता, पायरीजवळ भिंगरीची बादली ठेवलेली होती आणि तिच्या कडीवरचा गंजसुद्धा स्पष्ट दिसत होता. झाड कशाचं आहे हे मी कधी लिहिलं नव्हतं.

पलीकडच्या काठावर कुणीतरी होतं. तिथे मी बोट लावून फोटो मोठा केला. मी अकरा वर्षं फक्त 'एक' लिहिलं होतं. वय लिहिलं नव्हतं, कपडे लिहिले नव्हते, चेहरा तर नाहीच. जेवढं लिहिलं होतं तेवढंच तिथे होतं.

दुसरा फोटो खालच्या दिशेचा, पहिल्यानंतर एका मिनिटाने काढलेला. त्यात तो काठ रिकामा होता. पायरीच्या कोपऱ्यावर, बादलीशेजारी, ओल उमटली होती, पाण्यातून कुणी वर येऊन उभं राहिलं की उमटते तशी.

घड्याळात अकराला पाच कमी होते. पाच नंबर साडेदहाला होतं. मी फोन उचलला.

६

"बोल आत्या." पाठीमागे पाणी वाहत होतं. दुसरा कसलाही आवाज नव्हता.

"कुठे आहेस?"

"आठला. आत्ताच पोचले, पायरीवर उभी आहे. का गं, पाय दुखतोय का?"

"भिंगरे, नीट ऐक. तिथून निघ. लगेच."

"बाटली तरी भरू दे."

"नको भरू! आठ नंबर नाहीये, बाळा. अशी जागाच नाही. मी बनवलीय ती, लॅबची परीक्षा घ्यायला. ते फाटक, ती पायरी, सगळं मी टेबलावर बसून लिहिलंय. तुला सांगायचं राहिलं माझं."

ती हसली. "काहीतरीच काय! मी उभी आहे इथे, बूट भिजलेत माझे."

"दादाची शपथ."

 मी कधी खोटं बोलत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने विश्वास ठेवला. ती विश्वास ठेवतानाचा क्षण मला फोनवर ऐकू आला, तिचा श्वास बदलला.

"मग ते कोण..." ती म्हणाली. लगेच दुसऱ्याच आवाजात, घाईने, "आत्या, पायवाट कुठंय? आत्ता इथेच होती. आत्या, इथून वर कसं यायचं?"

मग पाण्याचा आवाज थांबला. फोन चालू होता, पाऊण तास मी हाका मारत होते. कट झाला तेव्हा त्यावर पावणेबारा वाजले होते.

७

गाडी पाच आणि सहाच्या मधे सापडली, रस्त्याच्या कडेला, कुलूप लावलेली. आत राहिलेल्या सात बाटल्यांपैकी पाच भरलेल्या, आठवी नव्हती. डावीकडे फाटक नव्हतं. सलग मका होता, ओढ्यापर्यंत. पोलिसांनी मका आडवा केला, पाणबुडे उतरवले, कुत्रे आणले. कुत्रे गाडीपासून चार पावलांवर येऊन बसायचे. मी सगळ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि माझ्या पायाकडे पाहून विचारलं, की औषधं कुठली चालू आहेत.

 दादा एकदाच म्हणाला, "छोटे, तू तिथे होतीस ना?" मी तिथे नव्हते हे त्याला ठाऊक होतं. वहिनीने भिंगरीची बॅग नेली नाही. म्हणाली, राहू दे, आल्यावर लागेल.

प्लास्टर निघाल्यावर मी रोज गेले. त्या पट्ट्यात इंच न् इंच फिरले. मला काही सापडणार नाही हे मला कळत होतं. अशी जागा नाही हे माहीत असलेल्या माणसाला ती सापडणार तरी कशी? भिंगरीला ती आत जाताना सापडली, कारण तिला माहीत नव्हतं. मग मी तिला सांगितलं.

काम पुन्हा सुरू केलं तेव्हा मी दुहेरी बाटली बंद केली. सात भरायच्या, सात मोजून खोक्यात ठेवायच्या, झाकण लावायचं. दोन आठवड्यांनी किडेवाल्या बाईंचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"तुम्हाला कसं विचारू कळत नाही. आठ नंबरला कुणी राहायला आलंय का?"

"म्हणजे?"

"अमोनिया आलाय थोडा. पाण्याशी माणूस किंवा जनावर राहायला लागलं की येतो तसा. शून्य पूर्णांक चार."

मी तशीच लॅबला गेले. खोक्यात आठ बाटल्या होत्या. आठवीवरच्या आकड्याला लांबलचक शेपटी होती. फॉर्ममधे सगळं नीट भरलेलं होतं, सावली दाट, पायरी एक. कोपऱ्यात शेरा नव्हता. उपस्थित व्यक्ती, दोन.

मी त्या लॅबच्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. आनंदाने रडले. ती आहे. बाटली भरते आहे, शिकवल्याप्रमाणे.

पुढच्या आठवड्यात अमोनिया शून्य पूर्णांक तीन आला. मग पुन्हा तीन. मग दोन. अक्षर फिकट होत चाललं होतं, पेन संपत आल्यासारखं. मी आयुष्यभर आकडे वाचत आलेय, उतरती ओळ मला कळते.

८

भिंगरीच्या जागी नवा माणूस आला. चाळिशीचा, शांत, आधी कारखान्यात होता. दोन मुलींचा बाप. पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने चहा करून सगळ्यांना देणारा. त्याच्या आधी इथे काय झालं ते त्याने ऐकलं होतं, पण लोकांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की मुलगी ओढ्यात वाहून गेली.

मी त्याला महिनाभर ऑफिसातच बसवून शिकवलं. बाटल्या कशा धुवायच्या, स्पिरिट किती, कुठला कुत्रा चावतो. मंगळवारी सकाळी यादी हातात दिली. एक ते आठ.

"ताई, हे आठ नंबर जरा आडबाजूला दिसतंय," तो म्हणाला. "एकदा येऊन दाखवता का?"

"माझा पाय नाही साथ देत," मी म्हणाले. "फाटक लागेल डावीकडे. सापडेल तुम्हाला, सगळं लिहिलंय."

"बरं."

"आणि तिथे एक मुलगी असेल. तिला म्हणावं, आत्याने बोलावलंय, आणि हाताला धरून घेऊन या. दुसरं कुणी असलं तर तिकडे बघू नका."

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. दुखावलेल्या बाईकडे पाहतात तसं. मग मान डोलावली आणि गेला. मी खोटं बोलले होते आणि पहिल्यांदाच तोंडावर आपटले नव्हते. मला वाटलं होतं मला लाज वाटेल. मला फक्त घाई झाली होती.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी फोन वाजला. त्याचा. मी उचलला. पाणी वाहत होतं, बाकी कसलाही आवाज नव्हता.

"ताई, तुमची मुलगी भेटली हो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरा आनंद होता. "फार वाळलीय, पण आहे. हात धरलाय मी तिचा."

 दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. दारात ठेवलेली ती बॅग आली.

"फक्त ती काहीतरी सांगतेय मला सारखी," तो म्हणाला. "थांब हं बाळा, बोलतोय ना मी. ताई, ती म्हणतेय की ही जागा..."

तेव्हा मला कळलं. महिनाभर मी सगळ्याचा विचार केला होता, एवढा सोडून. भिंगरीला माहीत आहे. आणि ती आमच्या घरातली मुलगी आहे.

"ऐकू नका तिचं!" मी ओरडले. "निघा! काही ऐकू नका!"

"काय म्हणालीस?" तो विचारत होता. मला नव्हे, तिला. नंतर त्याचा श्वास बदलला, आणि पाण्याचा आवाज थांबला.

मी वेळ लिहून ठेवली, अकरा चौदा. पुढच्या आठवड्यात लॅबच्या कागदावर अमोनिया वाढलेला असेल. त्यातला भिंगरीचा किती, हे किडेवाल्या बाईंना सांगता येणार नाही.